वेतन आणि जीवनमान : मालमोटार चालकाने नोकरी कशी निवडावी?



अवजड वाहन चालविण्याचा परवाना ज्याच्या हाती आहे, त्याला आजच्या काळात कामासाठी फार दारे ठोठवावी लागत नाहीत. कारखाने, बंदरे, बाजारपेठा आणि गुदामे यांचा व्याप वाढला, परंतु त्या मानाने कुशल चालकांची संख्या वाढली नाही. त्यामुळे नव्या चालकापुढे काम मिळेल की नाही, हा मुख्य प्रश्न नसतो. मिळणाऱ्या दोनतीन कामांपैकी कोणते पत्करावे, हा खरा प्रश्न असतो. अशा वेळी बहुतेक तरुण मालकाला एकच गोष्ट विचारतात : "शेठ, पगार किती?" जेथे आकडा मोठा, तेथे ते रुजू होतात. वर्षा-दीड वर्षाने त्यांपैकी कित्येक जण ती नोकरी सोडून दुसरीकडे जातात, आणि तेथेही पुन्हा तोच प्रश्न विचारतात.

पगार विचारणे गैर नाही. घरी खाणारी तोंडे असतात, बहिणीचे लग्न असते, सोसायटीचे कर्ज असते. परंतु वाहनचालकाच्या व्यवसायात पगार आणि जगण्याची रीत या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. कारकुनाचे काम सायंकाळी संपते आणि तो घरी जातो. लांब पल्ल्याच्या चालकाचे जेवण, झोप, स्नान, आजारपण आणि सणवार हे सारे त्याच्या कामातच सामावलेले असते. म्हणून त्याला नोकरी निवडताना केवळ वेतन निवडता येत नाही; वेतनाबरोबर तो दिनक्रमही निवडीत असतो.

कामाचे तीन प्रकार

मालवाहतुकीतील कामांची ढोबळमानाने तीन गटांत विभागणी करता येईल.

पहिला गट स्थानिक कामाचा. गॅसचे सिलिंडर, दूध, पिण्याचे पाणी, वाळू-खडी, औद्योगिक वसाहतीतील कच्चा माल यांची ने-आण या गटात येते. चालक सकाळी निघतो आणि रात्री घरी परततो. वेतन बेताचे असते, परंतु बहुधा ठरावीक असते.

दुसरा गट मध्यम पल्ल्याचा. बेळगावहून गोव्याला येणारी भाजी हे याचे उत्तम उदाहरण होय. सायंकाळी अथवा रात्री माल भरावयाचा, चोर्ला घाट उतरावयाचा, पहाटे म्हापसा, पणजी किंवा मडगावच्या बाजारात माल पोचवावयाचा आणि दुपारपर्यंत घरी परतावयाचे. हा चालक रोज घरी असतो हे खरे. परंतु घरची माणसे जागी असताना तो झोपलेला असतो आणि ती झोपतात तेव्हा तो घाटात असतो. घरी असणे आणि घरच्यांबरोबर असणे यांतील अंतर या चालकाइतके कोणाला ठाऊक नसेल.

तिसरा गट लांब पल्ल्याचा. आग्रा-मुंबई रस्त्यावर ग्वाल्हेर व इंदूरहून धुळे-नाशिकमार्गे मुंबईकडे धावणाऱ्या गाड्या, अथवा पुणे-बंगळूर रस्त्याने कोल्हापूर-बेळगाव ओलांडून दक्षिणेत जाणाऱ्या गाड्या या गटातल्या. येथे हाती येणारी रक्कम मोठी असते आणि घरापासून दूर राहण्याचे दिवसही तितकेच मोठे असतात.

या तिन्हींपैकी एक चांगला आणि बाकीचे वाईट, असा निवाडा देता येत नाही. प्रत्येकाचा हिशेब मात्र नीट मांडता येतो.

आकड्यामागचा आकडा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ या. समजा, एका लांब पल्ल्याच्या नोकरीत दरमहा १८,००० रुपये वेतन आणि फेऱ्यांचा भत्ता सरासरी ९,००० रुपये, असे एकूण २७,००० रुपये मिळतात. दुसरी नोकरी स्थानिक असून तीत १९,००० रुपये वेतन आहे, भत्ता नाही. वरवर पाहता फरक ८,००० रुपयांचा आहे आणि एवढ्या फरकापुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही, असे वाटते.

आता खर्चाकडे वळावे. लांब पल्ल्याचा चालक महिन्यात २४ दिवस बाहेर असेल, तर ढाब्यावरील दोन वेळचे जेवण, चहा, स्नान, गाडी उभी करण्याचे पैसे असे रोज ३०० रुपये धरले तरी ७,२०० रुपये रस्त्यावरच जातात. उरतात १९,८००. स्थानिक चालकाला घरचा डबा, चहा आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून रोज ८० रुपये लागतात असे मानल्यास २६ दिवसांचे २,०८० रुपये होतात. त्याच्याजवळ १६,९२० रुपये उरतात. म्हणजे ८,००० रुपयांचा फरक २,८८० रुपयांवर आला.

यानंतर तासांचा हिशेब. लांब पल्ल्याच्या कामात गाडी चालविणे, माल भरण्या-उतरविण्यासाठी थांबणे, नाक्यावर व कारखान्याच्या फाटकाशी खोटी होणे हे सारे मिळून दिवसाचे १४ तास सहज भरतात. २४ दिवसांचे ३३६ तास झाले. स्थानिक कामाचे रोजचे ९ तास धरले, तर २६ दिवसांचे २३४ तास होतात. पहिल्याला तासाला सुमारे ५९ रुपये पडतात, दुसऱ्याला सुमारे ७२. जादा मिळणाऱ्या २,८८० रुपयांसाठी पहिला चालक महिन्याला १०२ तास अधिक राबतो. त्या जादा तासांचा भाव तासाला केवळ २८ रुपये पडतो.

हिशेब येथेही संपत नाही. स्थानिक नोकरी भविष्यनिर्वाह निधीची असेल आणि १५,००० रुपये मूळ वेतनावर १२ टक्के कपात होत असेल, तर चालकाचे १,८०० रुपये त्याच्याच नावे साठतात आणि मालकही तेवढीच भर घालतो. तीतील काही भाग निवृत्तिवेतन योजनेत जातो. ही मालकाची भर धरली म्हणजे दोन नोकऱ्यांतील फरक १,०८० रुपयांपर्यंत खाली येतो. भत्त्याच्या रकमेवर सहसा अशी भर पडत नाही. शिवाय गाडी दुरुस्तीस गेली, परतीचे भाडे मिळाले नाही अथवा पावसात घाट बंद पडला, की भत्ता थांबतो. वेतन हे हक्काचे असते. भत्ता चाक फिरेल तोवरचा असतो.

हे आकडे उदाहरणापुरतेच आहेत. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील आणि काहींच्या बाबतीत हिशेबाअंती लांब पल्ल्याची नोकरीच सरस ठरेल. मुद्दा एवढाच, की तुलना करावयाची ती हातात पडणाऱ्या रकमेची नव्हे, तर खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेची. आणि त्या रकमेला किती तास व किती रात्री द्याव्या लागल्या याची.

खेपेचा मोबदला आणि झोपेचे मोल

मोबदला फेरीवर अवलंबून असला, की प्रत्येक विश्रांती चालकाला खर्चासारखी वाटू लागते. चार तास झोपावे तर एक फेरी हुकते. काही मालक फेरीमागे ठोक रक्कम देतात. डिझेल, टोल आणि वाटखर्च भागवून उरेल ते चालकाचे. अशा व्यवस्थेत तो सोबतीला क्लीनर घेत नाही, दिवसाच्या गर्दीऐवजी रात्र पसंत करतो आणि डोळे मिटू लागले तरी "पुढच्या ढाब्यावर थांबू" असे स्वतःला सांगत राहतो.

कायद्याने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ अन्वये कामाची मर्यादा दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास ठरविण्यात आली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर सक्षम प्राधिकाऱ्याच्या संमतीने ती वाढविता येई, परंतु कोणत्याही परिस्थितीत दिवसाला १० व आठवड्याला ५४ तासांच्या पलीकडे नाही. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची मोकळीक, हीही त्यातील तरतूद होती. पुढे हा कायदा २०२० साली संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयक संहितेत समाविष्ट करण्यात आला. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र चित्र वेगळे दिसते. सेव्ह लाइफ फाउंडेशन या संस्थेने २०२० साली देशातील दहा शहरांत बाराशेहून अधिक चालकांची पाहणी केली. थकवा अथवा झोप आली असतानाही गाडी चालवितो, असे त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी सांगितले. आपल्या नातेवाइकांना या व्यवसायात येण्याचा सल्ला देणार नाही, असे म्हणणारे ८४ टक्के होते. हा दुसरा आकडा वेतनाचा नसून जीवनमानाचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

झोपेच्या अभावाचे परिणाम शास्त्रज्ञांनी मोजलेले आहेत. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची तत्परता १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते. आपल्या देशात मोटार वाहन अधिनियमाने घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी दारूला स्पर्श केला नाही, असा निर्व्यसनी चालकही पहाटे सूत्रचक्रामागे मद्यप्यासारखा बसलेला असू शकतो. रात्री दोन ते पहाटे सहा हा काळ विशेष घातक असतो, कारण त्या वेळी शरीर निसर्गतःच झोप मागते. भारतातील रस्त्यांवर २०२२ साली झालेल्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी किती अपघातांच्या मुळाशी थकवा होता, हे कागदावर येत नाही. कारण झोप लागली होती, असे लिहून द्यायला कोणी मागे उरलेला नसतो अथवा कोणी तयार नसतो.

जी नोकरी झोप विकावयास लावते, ती कितीही पैसा देवो, महाग पडते.

सोयींनी पडणारा फरक

सर्वच लांब पल्ल्याच्या नोकऱ्या सारख्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकर नाके उठले आणि तेथे गाडी तासन्‌तास खोटी होण्याचे प्रमाण घटले. २०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींचा चालककक्ष वातानुकूलित असणे आवश्यक करण्यात आले आहे. वैशाख-ज्येष्ठात तापलेल्या इंजिनाशेजारी दहा तास बसणाऱ्याला हा बदल किती मोलाचा आहे, हे निराळे सांगावयास नको. म्हणून पगार विचारताना गाडी कोणत्या सालची आहे, हेही विचारावे.

कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णे अशी मालमोटारी वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली. चालक आपल्या गाडीसोबतच प्रवास करतो. महामार्गावरील घाटवळणे टळतात, डिझेल वाचते, टायर झिजत नाहीत आणि मुख्य म्हणजे गाडी पुढे जात असताना चालकाला पाठ टेकता येते. जो मालक अशा सोयीचा उपयोग करतो, त्याच्याकडील नोकरी आणि तेवढेच अंतर चालकाला एकट्याने रात्रभर काढावयास लावणाऱ्याकडील नोकरी, या पगाराचा आकडा एकच असला तरी एक नव्हेत. जेथे दोन चालकांची जोडी देतात, तेथेही हेच म्हणता येईल.

गोव्याने शिकविलेला धडा

येथवरच्या विवेचनावरून घराजवळचे काम पत्करावे आणि निश्चिंत राहावे, असा समज कोणी करून घेईल. गोमंतकाचा अनुभव त्याविरुद्ध इशारा देतो.

डिचोली, सांगे, केपे, सावर्डे या भागांत कित्येक वर्षे खनिजवाहतूक हा तरुणांचा हक्काचा व्यवसाय होता. खाणीवरून खनिज भरून मांडवी-जुवारीच्या काठावरील धक्क्यांवर ओतावयाचे. तेथून ते बार्जींतून मुरगाव बंदराकडे जाई. अंतर थोडे, रात्री घरी, जेवण घरचे. जितक्या खेपा तितकी कमाई. पावसाळ्यात काम थंडावे. त्या दिवसांत शेती पाहता येई. जीवनमानाच्या दृष्टीने यापरते काय हवे, असेच कोणालाही वाटले असते. अनेकांनी कर्ज काढून स्वतःचे ट्रक घेतले.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम स्थगित झाले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने काही अटींवर ती उठविली. परंतु ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि १६ मार्च २०१८ पासून काम पुन्हा थांबले. अंगणात उभा असलेला ट्रक गंजत होता आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नव्हता. कर्जदारांसाठी राज्य शासनाला साहाय्य योजना आखाव्या लागल्या. नव्या लिलावांतून खाणपट्टे देण्यास डिसेंबर २०२२ मध्ये प्रारंभ झाला. दहा वर्षे हा काही थोडा काळ नव्हे. त्या काळात ज्यांना लांब पल्ल्याच्या, तेलाच्या टँकरच्या अथवा प्रवासी वाहतुकीच्या कामाची माहिती होती, ते तगले. ज्यांना खाण ते धक्का एवढीच वाट ठाऊक होती, त्यांची फार ओढाताण झाली.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, घराजवळचे कामही एकाच मालावर, एकाच मालकावर अथवा एकाच परवानगीवर उभे असेल, तर ते सुरक्षित म्हणता येत नाही. दुसरी, चालकाची खरी ठेव त्याचे कसब होय. धोकादायक रसायने व इंधन यांच्या वाहतुकीचे विहित प्रशिक्षण, जोडट्रेलर चालविण्याचा सराव, घाटातील अनुभव आणि निष्कलंक परवाना या गोष्टी ज्याच्याजवळ आहेत, त्याला एक दार बंद झाले तरी दुसरे उघडते. तरुणपणी दोनचार वर्षे लांब पल्ल्याचे काम करून हे कसब मिळविणे हा म्हणूनच अविचार नव्हे. मात्र त्याची मुदत आधी ठरविलेली असावी. "कर्ज फिटेपर्यंत" अथवा "धाकटी शाळेत जाऊ लागेपर्यंत" अशी मुदत घरात सर्वांच्या देखत बोलून ठेवली म्हणजे ती पाळली जाण्याची शक्यता वाढते.

घराचे मत

या निर्णयात एका पक्षाला बहुधा विचारलेच जात नाही, आणि तो पक्ष म्हणजे चालकाचे घर. मुलाला रात्री ताप चढला तर दवाखान्यात नेणारे कोण, आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी कोण नेणार, शेतावरच्या गड्याशी कोण बोलणार, हे सारे प्रश्न चालक गाडीत बसला की पत्नीच्या वाट्याला जातात. ती जे काम करते त्याचा भत्ता कोणत्याही हिशेबात धरलेला नसतो. म्हणून वरील कागद मांडावयाचा तो तिच्यासह बसून. चतुर्थीला घरी येता येईल काय, हा गोमंतकीय घरातील प्रश्न, अथवा मुलाच्या परीक्षेच्या वेळी बाप गावात असेल काय, हा कोठल्याही घरातील प्रश्न, पगाराइतकाच व्यवहाराचा आहे. काही कुटुंबांना दरमहा येणारे जादा दोन हजार रुपये अत्यंत गरजेचे असतात; काहींना माणूस गरजेचा असतो. कोणती गरज मोठी, हे बाहेरच्याने सांगावयाचे नसते.

रुजू होण्यापूर्वी

शेवटी, मालकाशी बोलताना पुढील गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. वेतन किती आणि भत्ता किती, हे वेगवेगळे विचारावे. गाडी उभी असेल त्या दिवसांचे काय, हे विचारावे. महिन्यात सलग किती दिवस घरी मिळतील, मालाची तूट, टायर फुटणे अथवा पोलिसांचा दंड कोणाच्या माथी, रात्रीचा मुक्काम कोठे, क्लीनर अथवा जोडीदार मिळणार काय, भविष्यनिर्वाह निधी व राज्य विमा योजना लागू आहे काय, हे विचारण्यात संकोच करू नये. उचल घेताना ती किती महिन्यांत फिटेल याचा विचार करावा. मोठी उचल घेतलेल्या चालकाला वाईट नोकरीही सोडता येत नाही.

नेमणूकपत्र अवश्य मागावे. २०२० च्या संहितेने ते देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. कामावर असताना अपघात झाल्यास नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेला आहे. परंतु अपघाताच्या दिवशी हा मनुष्य त्या गाडीवर नोकरीस होता, हे सिद्ध करावे लागते. ज्याचे नाव कोठल्याच कागदावर नाही, त्याच्या विधवेला ते सिद्ध करताना किती हेलपाटे घालावे लागतात, हे कामगार कार्यालयात बसणाऱ्या कोणालाही विचारावे.

आणि जो मालक या प्रश्नांनी चिडतो, त्याच्याकडील पगाराचा आकडा कितीही मोठा असला तरी उत्तर मिळाले असे समजावे. जो शांतपणे उत्तरे देतो, त्याच्याकडे हजार रुपये कमी मिळाले तरी गाडी सुस्थितीत असण्याचा आणि महिन्याच्या महिन्याला पैसे हाती पडण्याचा संभव अधिक.

मित्रहो, वाहनचालक गावोगावच्या चुली पेटत्या ठेवतो. त्याच्या स्वतःच्या घरची चूल पेटती राहावी आणि तिच्याजवळ बसावयास तो सुखरूप परत यावा, या दोन्ही गोष्टी ज्या नोकरीत साधतात, ती नोकरी चांगली. एक कागद, एक पेन्सिल आणि घरच्यांबरोबर एक संध्याकाळ, एवढ्या सामग्रीवर हा निर्णय घेता येतो. तो किल्ली हाती घेण्यापूर्वी घ्यावा.